सातवा महिना, झोप नाही. लॅव्हेंडर तेल कोणतं घ्यावं? (बजेट ६००)

मुक्ता_पुणे
२८वा आठवडा चालू आहे. रात्री दोनला टक्क जाग येते, कंबर धरते. एका साइटवर सहा बाटल्यांचा सेट दिसला: लॅव्हेंडर, पेपरमिंट, नीलगिरी, टी ट्री, लेमन, क्लॅरी सेज. ५९९ ला. बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलातही नेता येईल. कुणी वापरलाय का? ६०० च्या वर जायचं नाहीये.

खारीबिस्कीट
सेटच्या भानगडीत पडू नकोस, चांगला डिफ्यूझर घे, तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र. माझा ४२०० चा आहे, सात रंगांचे दिवे लागतात. पाहुणे आले की आधी त्याबद्दलच विचारतात.

मुक्ता_पुणे
ताई, ६००.

ठाणेकर_आई
माझं ऐक. मी सहाव्या महिन्यात लॅव्हेंडर थेट पोटावर चोळलं, नैसर्गिक आहे म्हणून. अर्ध्या तासात लालभडक चट्टा, वर खाज. पाण्याने धुतलं तर आग आणखी वाढली. शेवटी सासूबाईंनी कापसावर खोबरेल घेऊन पुसून काढलं, मग साबण लावला, तेव्हा थांबलं. ही तेलं पाण्यात विरघळतच नाहीत. आता ती बाटली बाथरूममध्ये पडून आहे, फरशी पुसताना दोन थेंब टाकते. ४५० रुपयांची फरशी.

आजीचा_बटवा
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तिळाचं तेल कोमट करून कंबरेला, आणि नववा लागला की एरंडेल घ्यायचं, बाळंतपण सुलभ होतं.

ठाणेकर_आई
काकू, एरंडेलाने माझ्या बहिणीला जुलाब लागले, कळा नाहीत. सलाईन लावावं लागलं.

आजीचा_बटवा
प्रमाण चुकलं असेल.

लीड्सवासी
माझी दोन्ही बाळंतपणं इकडे इंग्लंडमध्ये झाली. दुसऱ्या वेळी मिडवाइफने (प्रशिक्षित सुईण) टिशूवर लॅव्हेंडरचा एक थेंब दिला, नको वाटलं की बाजूला ठेव म्हणाली. बरं वाटलं, पण कळा कळाच होत्या. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलात १९९० ते १९९८ मध्ये ८०५८ बाळंतिणींची अशी नोंद ठेवली होती. भीती कमी झाली असं बऱ्याच जणींनी सांगितलं, त्रास फार थोड्यांना झाला. पण तेलं मिडवाइफच्याच हातात होती. त्या सेटमधल्या क्लॅरी सेजने कळा येतात असं मानतात, म्हणून ३७ आठवड्यांच्या आधी इथे ते हातातही देत नाहीत. ती बाटली असलेला सेट २८व्या आठवड्यात विकत घेऊ नये, माझं मत.

खारीबिस्कीट
क्लॅरी सेज म्हणजे सेज ना? ते मी पास्त्यात घालते.

लीड्सवासी
नाही. वेगळी वनस्पती. आणि साध्या सेजचं *तेल* गरोदरपणात त्याहून नको, त्यात थुजोन नावाचं विषारी द्रव्य असतं. पानं आणि तेल एक नव्हे.

रसायनवाला
सगळे लॅव्हेंडरवर बोलताय. कंबर दुखते म्हटल्यावर घरातला बाम आधी बघा. बऱ्याच बामांत आणि 'आयुर्वेदिक वेदनाशामक' तेलांत गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असतं. ॲस्पिरिनचाच भाऊबंद, त्वचेतून आत जातो. शुद्ध गंधपुऱ्याच्या एका छोट्या चमच्यात वीसहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा. कापूरही बघा.

चिंचोका
बाम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावतोय, काही झालं नाही.

रसायनवाला
पिढ्यान्‌पिढ्या चुलीच्या धुरातही बसलो.

चिंचोका
विषय कुठला, बोलता काय! आणि कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधतात, त्याचं काय?

रसायनवाला
बांधू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येते. नीलगिरी आणि पेपरमिंटही तान्ह्याच्या नाकाजवळ नको.

ठाणेकर_आई
मी सांगितलंच होतं, थेट लावू नये.

लीड्सवासी
मुक्ता, लावायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, तिळाच्या तेलात मिसळून. १० मिलीला २ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. पोटात अजिबात घ्यायचं नाही. डिफ्यूझर असेल तर अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. आणि 'फ्रॅग्रन्स ऑइल' (म्हणजे कृत्रिम वासाचं तेल) लिहिलेली बाटली नको, लॅटिन नाव बघ: लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया.

खारीबिस्कीट
डिफ्यूझर मी आधीच सुचवला होता.

मुक्ता_पुणे
अपडेट. आज डॉक्टरांना विचारलं. एक-दोन थेंब वास घ्यायला हरकत नाही म्हणाल्या, पण लेबर रूममध्ये काही आणायचं नाही, शेजारच्या बाईला वास चालेलच असं नाही. मी गंमत म्हणून माझा बाम दाखवला. त्यांनी मागचं वाचलं आणि बाटली टेबलावर उलटी ठेवली. घरी नेऊ नका म्हणाल्या. गेला महिनाभर रोज रात्री लावत होते.
मग तेल घेतलंच नाही. पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये घ्यायची लांब उशी घेतली, १३५० ला. काल पाच वाजेपर्यंत झोपले.

खारीबिस्कीट
बजेट ६०० होतं ना??

आजीचा_बटवा
उशी तर आमच्याही वेळी होती. जुन्या लुगड्याची.

चिंचोका
बाम कुठला होता? नाव सांगा, माझ्याकडे तोच असेल.

ठाणेकर_आई
उशीचा अभ्रा काढून धुता येतो का? लिंक टाक.