मदत हवी आहे : गुलामीतून सुटलेल्यांवरच्या कादंबऱ्या, दहा वर्षांच्या मुलीसाठी

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतली गुलाम स्त्री हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँड राज्यातून निसटली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे ७० गुलामांना सोडवून घेऊन आली, हे सांगितल्यापासून लेकीचे प्रश्न संपत नाहीत. रात्री लपत जाताना बाळ रडलं तर? तान्ह्यांना गुंगीचं औषध देत, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

आता तिला पुढचं हवंय. १८५० च्या कायद्यानंतर गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतूनही पळालेल्यांना धरून परत नेता येई, म्हणून माणसं कॅनडा गाठत. ओंटारिओतल्या बक्स्टनला त्यांनी जंगल तोडून शेतं केली. तिथली शाळा इतकी चांगली की गोरी मुलंही येत. अशा वस्तीतल्या मुलांवर मराठीत कादंबरी आहे का? अनुवादही चालेल, नाहीतर सोपं इंग्रजी सुचवा. क्रौर्य लपवलेलं नको, पण पानोपानी चाबूकही नको. आणि सुटका कुणा दयाळू मालकाने केली, अशी गोष्ट तर नकोच.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. त्या मराठीत मुलांसाठी असं पुस्तक असायलाच हवं. पुण्यात कुठे मिळेल तेही कळवा.