ऑफिसचे मेसेज आणि घरचे कॉल वेगळे कसे ठेवायचे? सल्ला हवा

ठाकुर्लीकर:
नमस्कार मंडळी. मी लोअर परळला अकाउंट्समध्ये आहे. क्लायंटची बिलं, साहेबांचे निरोप, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, तेही माझ्या घरच्याच नंबरवर. रात्री जेवायला बसलो तरी फोन वाजतच असतो. दुसरी अडचण आई-बाबांची. ते कुडाळला असतात, बहीण पुण्याला. रविवारी सगळे मिळून बोलायचं म्हटलं तर फुकटचं झूम ४० मिनिटांत तुटतं, मग पुन्हा लिंक पाठवा, बाबांना पुन्हा समजवा. त्यांचा हात स्काइपवर बसला होता, तेही मे २०२५ मध्ये बंद झालं. आईला ऐकूही कमी येतं. तुम्ही काय वापरता?

माहेरवाशीण:
घरच्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचाच ग्रुप कॉल लावा. ३२ जण येऊ शकतात, लिंकची भानगड नाही, नेहमीच्या फोनसारखी रिंग वाजते. माझ्या आईलाही कमी ऐकू येतं. ती फोन हातात धरायची तेव्हा आम्हाला नुसतं कपाळ आणि पंखा दिसायचा. आता फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते आणि वायरचे इअरफोन लावते. तुम्ही मात्र उजेडाकडे तोंड करून बसा, पाठीमागे खिडकी नको. ओठ दिसले की तिला निम्मं बोलणं कळतं. आणि एका वेळी एकानेच बोलायचं, हे भाचरांना आधी बजावून ठेवा.

जुना_परळकर:
ऑफिससाठी दुसरं सिम घ्या. नुसतं म्यूट करून भागत नाही, ग्रुपमध्ये कोणी तुम्हाला टॅग केलं की फोन वाजतोच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप आहे, साध्या व्हॉट्सअ‍ॅपबरोबर एकाच फोनवर चालतं. अँड्रॉइड असेल तर फोकस मोडमध्ये तेवढंच अ‍ॅप रात्री बंद ठेवता येतं. कामाच्या वेळेनंतर आपोआप उत्तर जाईल अशी सोयही बिझनेस अ‍ॅपमध्ये आहे.

ठाकुर्लीकर:
सिम घेतो, पण क्लायंटकडे जुनाच नंबर आहे. सगळ्यांना नवा कळवत बसायचं का?

जुना_परळकर:
उलटं करा. जुना नंबर ऑफिसला राहू दे, नवा घरच्यांना द्या. घरची माणसं मोजकीच, एका संध्याकाळी कळवून होतं. आधी चॅटचा बॅकअप घ्या. मग नव्या नंबरला घरच्या ग्रुपमध्ये घ्या आणि त्यानंतरच जुना नंबर बिझनेसवर न्या, त्याच फोनवर केलंत तर चॅटही सोबत येतात. साहेबांना मात्र तोंडी सांगा, रात्री खरंच अडलं तर साधा फोन करा म्हणून. मी माझ्या साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही. हे बोलणं टाळलंत तर दोन काय, चार नंबर घेऊनही उपयोग नाही. अजून एक, बिलं फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आकडे पुसट होत नाहीत.

दहिसरची_मावशी:
बाबांना व्हिडिओ कॉल शिकवाल तेव्हा हेही सांगा. अनोळखी कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला की फोन ठेवून द्यायचा. असली अटक कायद्यात नाहीच. स्क्रीन शेअर करा म्हटलं तर मुळीच करायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन, म्हणजे दुसऱ्या फोनवर खातं उघडताना विचारला जाणारा आकडा, तुम्हीच लावून द्या आणि तो वहीत लिहून ठेवा.

ठाकुर्लीकर:
मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गणपतीला गावी जातोय, तेव्हा दोघांचे फोन घेऊन बसतो. माहेरवाशीण ताई, वायरचे इअरफोनच का? ब्लूटूथचे चालणार नाहीत?

माहेरवाशीण:
चालतील, पण चार्ज करायचे राहून जातात. शिवाय वायरचे हरवत नाहीत.