मैत्रिणीच्या मातीच्या घराला चुन्याचा गिलावा: जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं राजापूर तालुक्यात स्वतःच्या हातांनी मातीचं घर बांधलंय. गणपती झाल्यावर तिच्याकडे राहून आले. घर पाहून जीव सुखावला, पण पश्चिमेकडच्या भिंतीची अवस्था पाहिल्यापासून चैन नाही. तिच्या वाडीत रेंज धड मिळत नाही, म्हणून तिला विचारूनच इथे लिहितेय.

आधी घराबद्दल सांगते, म्हणजे अंदाज येईल. जोतं चिऱ्याचं, चांगलं दोन फूट उंच. त्यावर दीड फूट जाडीच्या भिंती. जागेवरच खणलेली तांबडी माती, रेती आणि भाताचा पेंढा पायांनी तुडवून, त्याचे गोळे थरावर थर रचलेले. एक थर घट्ट झाल्याशिवाय पुढचा लावायचा नाही, त्यामुळे काम दोन उन्हाळे चाललं. वर माणग्याचे, म्हणजे कोकणातल्या भरीव बांबूचे, वासे आणि मंगलोरी कौलं. दारं-खिडक्या पाडलेल्या जुन्या घरांतून आणलेल्या. न्हाणीघरावर मात्र स्लॅब आहे आणि त्यातही जुनी कौलं भरलीत. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचं फारसं काम नसतं, तिथे कौलं बसवली की सिमेंट वाचतं. केरळात वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी ही पद्धत खूप वापरली, ती वाचून या दोघांनी केली.

मधली खोली गोल आहे. भिंतीतूनच बसायचा कट्टा काढलाय, त्याच्या वर दिव्याचा कोनाडा. आतला गिलावा मैत्रिणीनं हातानं केलाय, कोनाड्याच्या कडेला तिच्या बोटांचे फराटे तसेच ठेवलेत. जमीन चोपून शेणानं सारवलेली. भर दुपारीही त्या खोलीत पंखा लावावासा वाटला नाही. शाळेत हस्तकलेच्या तासाला हीच मुलगी मातीचं काम सगळ्यांत शेवटपर्यंत करत बसायची, त्यामुळे मला या घराचं फार अप्रूप आहे.

आता अडचण. इतर तिन्ही बाजूंना पडवी आहे. गोल खोलीच्या पश्चिमेला मात्र छपराचं पाखं आखूड पडलंय. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस होतो आणि वाऱ्याचा सगळा मारा याच बाजूला. पावसाळ्यात ती दोघं झावळ्यांची झापं बांधतात, तरी पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडतं. जोत्याच्या वर गुडघाभर उंचीपर्यंत बाहेरचा गिलावा सुटलाय. बोट लावलं तर माती हाताला येते आणि आतला पेंढा दिसतो. शिवाय त्याच बाजूच्या खिडकीच्या चौकटीला वाळवीची मातकट रेघ चढलेली दिसली.

गावातले गवंडीकाका म्हणतात, जाळी मारा आणि सिमेंटचा गिलावा करून टाका, कटकट मिटेल. अनुभवी माणूस आहे, मनापासून सांगतोय. पण माझ्या वाचण्यात आलंय की मातीच्या भिंतीला सिमेंट मानवत नाही. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि आतली माती मऊ होऊन एक दिवस गिलाव्याचा पापुद्राच खाली येतो. इतक्या कष्टानं उभ्या केलेल्या घराचं असं होऊ नये, अशी माझी कळकळ आहे. म्हणून चुन्याचा विचार चाललाय.

कुणी मातीच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा प्रत्यक्ष केलाय का? भिंतीला खाचा पाडून धर द्यावी लागते असं ऐकलंय. मग आधी माती-चुन्याचा हात मारायचा की थेट चुना-रेती? प्रमाण काय धरलंत? खाडीची रेती खारट म्हणून नको, एवढं तिलाही माहीत आहे. जुने लोक चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालत. आपल्याकडच्या पावसात त्याचा खरंच उपयोग होतो का, ते ज्यांनी दोन-तीन पावसाळे पाहिलेत त्यांनी कृपया लिहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात चुन्याचं काम करणारे कारागीर माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाळवीबद्दलही सांगा. वासे लावण्याआधी माणगा बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवला होता, त्याला काही झालेलं नाही. चौकटीला तसं काही केलं नव्हतं. चौकट जागेवर असतानाच काय करता येईल? घरात लहान मूल आहे, त्यामुळे जहाल विषारी फवारणी नको.

पाखं वाढवणं किंवा त्या बाजूला पडवी काढणं हा खरा उपाय, हे दोघांनाही पटलंय. पण गोल भिंतीला पडवीचे वासे कसे टेकवायचे यावर गाडी अडलीय. कुणाकडे असं रेखाटन किंवा फोटो असेल तर फार मदत होईल. तिच्या घराचे फोटो तिनं पाठवले की प्रतिसादात टाकते.

गिलावा भिंत पुरती सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच सुरू होईल. पण कळीचा चुना (भट्टीतले न विरवलेले खडे) भिजवून मुरायला वेळ लागतो, तो आत्ताच आणावा लागेल. तेव्हा चुना कुठून घ्यावा आणि किती दिवस मुरवावा, निदान एवढं तरी आधी सांगा. बाकीचं सवडीनं लिहिलंत तरी चालेल.