मदत हवी आहे : लोकल कशामुळे अडली, याची कारणवार माहिती रेल्वेकडून कशी मागवावी?

नमस्कार. बदलापूर-अंबरनाथकडून रोज मुंबईला जाणाऱ्या आम्ही काही जणी गेल्या पावसाळ्यापासून एक वही ठेवतोय. गाडी वाटेत अडकली की तारीख, वेळ, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आणि किती वेळ, एवढं लिहायचं. कारणाचा रकाना मात्र जवळजवळ रिकामाच आहे, कारण घोषणा ठरलेली, 'तांत्रिक कारणामुळे'. माहिती अधिकारात एकदा अर्ज टाकून 'या गाड्या का रखडल्या?' असं विचारलं. संबंधित कार्यालयाकडून एका ओळीचं उत्तर आलं : तांत्रिक बिघाड.

कारण कळायला हवं, कारण रुळाला तडा जाणं, ओव्हरहेड वायर तुटणं, सिग्नल लाल होऊन बसणं आणि गाडीच नादुरुस्त होणं ही चार वेगळी दुखणी आहेत. रूळ इंजिनिअरिंगकडे, वायर टीआरडीकडे (ओव्हरहेड वायरची वीज बघणारं खातं), सिग्नल एस अँड टीकडे (सिग्नल आणि टेलिकॉम खातं), रेक म्हणजे जोडलेली अख्खी गाडी कारशेडकडे. सगळं एकाच नावाखाली गेलं तर माणसं कुठे कमी पडताहेत आणि सामान कुठलं जुनं झालंय, हे आम्ही विचारायचं कुणाला? २९ डिसेंबर २०१६ ला पहाटे कुर्ला-अंबरनाथ लोकलचे डबे विठ्ठलवाडीजवळ घसरले, तेव्हा रुळाला तडा गेल्याचं सांगितलं गेलं होतं. आमची मुलं त्याच रुळांवरून कॉलेजला जातात.

डब्यात बसून यातलं काय झालंय ते ओळखता येतं का? आणि अर्जात नेमका कोणता कागद मागायचा? रेल्वेत काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– वहीवाली

*

ताई, मी सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. बरंच ओळखता येतं.

आधी पंखे बघा. पंखे थांबले आणि मोजकेच दिवे राहिले तर वरचा करंट गेलाय. न्यूट्रल सेक्शनमधून, म्हणजे वायरच्या वीज नसलेल्या छोट्या तुकड्याखालून, जाताना क्षणभर असं होतंच, ते वहीत घेऊ नका. २५,००० व्होल्टची ती वायर सरळ रेषेत नसते, खांबागणिक डावी-उजवीकडे नागमोडी ओढलेली असते, म्हणजे पेंटाग्राफवरची (गाडीच्या टपावरून वायरला टेकून वीज घेणारा सांगाडा) कार्बनची पट्टी एकाच जागी झिजत नाही. पट्टीचा तुकडा उडाला किंवा वायर जागेवरून सरकली की पेंटाग्राफ तिच्यात अडकतो आणि गाडी थांबेपर्यंत बरंच काही ओढून नेतो. म्हणून हा बिघाड निस्तरायला तास लागतात. गाडीने वायर तोडली की वायरने पेंटाग्राफ, यावर दोन खात्यांत वाद ठरलेला, म्हणून दोघांचाही अहवाल मागा.

पंखे चालू, गाडी उभी, मग थोड्या वेळाने हळूहळू सरकून पुढच्या सिग्नलला पुन्हा उभी : हा सिग्नल. 'ए' पाटीचा, म्हणजे आपोआप चालणारा, सिग्नल लाल असेल तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून जपून पुढे जाऊ शकतो. पावसात शीव-कुर्ल्याला हे फार होतं. रुळांतून वाहणाऱ्या छोट्या करंटवरून पुढे गाडी आहे की नाही हे यंत्रणेला कळतं. रुळांच्या मध्ये पाणी साचलं की तो करंट पाण्यातून जातो, यंत्रणा 'गाडी आहे' असं धरते आणि सिग्नल लाल करते. प्रवासी वैतागतात, पण शंका आली की लाल व्हायचं अशीच ती यंत्रणा बनवलेली आहे.

फक्त तुमचीच गाडी उभी आणि शेजारून बाकीच्या जाताहेत, तर बहुधा रेकचा बिघाड.

आता तडा. लांबच लांब वेल्ड केलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, पण स्लीपर आणि खडी त्याला हलू देत नाहीत. सगळा ताण आत राहतो आणि वेल्डमध्ये किंवा रुळात आधीचा दोष असेल तिथे पहाटे तो उघडतो. मी एकदा बॅटरीच्या उजेडात पाहिला होता. डोक्यापासून तळापर्यंत सरळ फट, आतला पोलाद ताज्या कापासारखा चकचकीत, आणि एका कडेला थोडासाच काळपट डाग. तो डाग जुना दोष, बाकी सगळं त्या रात्रीचं. गँगमन फिशप्लेट (रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आणि क्लॅम्प लावतात आणि गाड्या तेवढ्या जागेवरून अगदी सावकाश सोडतात. थंडीतल्या सकाळी एकाच ठिकाणी प्रत्येक गाडी रांगत असेल आणि बाजूला केशरी जाकिटं दिसली, तर वहीत 'तडा?' असं लिहा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रॅक सर्किट, म्हणजे वर सांगितलेली रुळांतल्या करंटची यंत्रणा, असेल तिथे तुटलेला रूळ पुष्कळदा सिग्नल लाल करून कळतो. अ‍ॅक्सल काउंटर हे त्याऐवजी बसवलेलं यंत्र फक्त चाकं मोजतं, त्याला तडा कळत नाही. तिथे भिस्त अल्ट्रासॉनिक तपासणीवर (ध्वनिलहरींनी रुळाच्या आतला दोष शोधणं) आणि रात्री गस्त घालणाऱ्या माणसावर. त्यामुळे तुमच्या पट्ट्यात थंडीतली गस्त किती माणसांची आणि ती पदं भरलेली आहेत का, हे नक्की विचारा.

– सांधा_नंबर_सात

*

अर्जाबद्दल. 'का' विचारू नका. २००५ च्या कायद्यानुसार कार्यालयाकडे असलेली नोंद मिळते, खुलासा लिहून द्यायला ते बांधील नाहीत. स्टेशनवर सिग्नल फेल्युअर रजिस्टर असतं, तुमच्या वहीतल्या तारखा देऊन त्याच पानांच्या प्रती मागा. रूळ आणि वायरसाठी 'अमुक तारखांच्या बिघाडांच्या नोंदी व चौकशी अहवाल' असं लिहा. एका अर्जात एकच खातं ठेवा. कलम २(ञ) खाली रजिस्टर प्रत्यक्ष पाहायला मागता येतं, मला स्वतःला तो रस्ता जास्त उपयोगी पडलाय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील.

गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. ते रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ते अहवाल तिकडे मागायचे.

– अर्जदार

*

दोघांचेही मनापासून आभार. काका, वहीत आजच 'पंखे' आणि 'बाकीच्या गाड्या' असे दोन रकाने वाढवले. पहिला अर्ज गस्तीच्या पदांबद्दल करायचं आमचं ठरलंय, थंडी सुरू व्हायच्या आत. पुढचे दोन मसुदे रविवारी इथे टाकते. तोवर एक सांगाल का, आमच्या मार्गावर कोणत्या स्टेशनांच्या मध्ये अ‍ॅक्सल काउंटर आहेत, हे एस अँड टीकडे विचारायचं की इंजिनिअरिंगकडे?

– वहीवाली

*

एस अँड टी. आणि अल्ट्रासॉनिक तपासणीच्या तारखा इंजिनिअरिंगकडे. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा.

– सांधा_नंबर_सात