'स्वायत्त शस्त्र' की 'स्वयंचलित शस्त्र'?

अनुवादिका : जीनिव्हात शस्त्रांवर चालणाऱ्या वाटाघाटींबद्दल मराठीत लेख करतेय. माणसाला न विचारता लक्ष्य हेरून मारा करणाऱ्या शस्त्राला काय म्हणायचं? पेपरात 'स्वयंचलित', 'स्वायत्त', 'आत्मघाती ड्रोन' अशी सरमिसळ असते.

कोशकीडा : 'स्वयंचलित' नको. बंदुकीच्या बाबतीत त्याचा अर्थ ठरून गेलाय: चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात, पण नेम माणसाचाच. 'स्वायत्त' घ्या. आयत्त म्हणजे अधीन, म्हणून स्वतःच्याच अधीन ते स्वायत्त.

काळा कोट : रुळलाय खरा, पण मला खटकतो. कॉलेज स्वायत्त झालं तरी जाब विचारायला प्राचार्य असतात. ड्रोनला पिंजऱ्यात कसं उभं करणार? सैनिक आणि नागरिक यांत फरक करणं, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होऊ न देणं, ही युद्धकायद्याची बंधनं माणसांवर आहेत. जीनिव्हात २०१९ साली मान्य झालेल्या ११ तत्त्वांतही उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही असं स्पष्ट आहे. तिथे या वाटाघाटी करणाऱ्या सरकारी तज्ज्ञ गटाचं अध्यक्षपद २०१७-१८ मध्ये आपले राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होतं. आणि २०२३ अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच विषयावर ठराव आला तेव्हा १५२ देश बाजूने, विरोधात अवघे चार, त्यात भारत! असो.

संत्रानगरी : 'आत्मघाती' तर आधी काढा. आमच्या नागपुरात बनणारं नागास्त्र-१ घ्या. आकाशात घिरट्या घालतं, लक्ष्य दिसलं तर झेपावतं, नाही दिसलं किंवा मोहीम सोडून दिली तर पॅराशूटने खाली उतरतं, पुन्हा वापरता येतं. यात आत्मघात कुठे आला? 'घिरट्या घालणारं अस्त्र' म्हणा, लांब झालं तरी चालेल.

अनुवादिका : पटलं. आता 'मीनिंगफुल ह्यूमन कंट्रोल'. 'अर्थपूर्ण मानवी नियंत्रण' म्हटलं की कवितेचं रसग्रहण वाटतं.

कोशकीडा : 'खरंखुरं मानवी नियंत्रण'. नाममात्रच्या उलट.

काळा कोट : चालेल. मात्र अमेरिकी संरक्षण खात्याचा ३०००.०९ क्रमांकाचा निर्देश (२०१२, सुधारित २०२३) मुद्दाम 'कंट्रोल' न म्हणता 'जजमेंट' म्हणतो. तिथे 'मानवी निर्णयबुद्धी' करा, दोन्हींना एकच शब्द लावलात तर भांडणच दिसेनासं होईल. निर्णयबुद्धी शस्त्र सोडताना एकदा वापरली की झालं, नियंत्रण शेवटपर्यंत लागतं.

नाममात्र नियंत्रण कसं असतं तेही सांगतो. मार्च २००३, इराक युद्ध. अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. पडद्यासमोर माणसं होती, पण पडद्यावर क्षेपणास्त्र म्हटलेलं आणि विचाराला वेळ जेमतेम. मारा झाला, विमानातले दोघेही गेले. कागदोपत्री निर्णय माणसाचाच!

अनुवादिका : हे उदाहरण लेखात घेते. 'स्वायत्त' ठेवते, पण 'ड्रोनने ठरवलं' असं वाक्य कुठे येऊ देत नाही. एकच राहिलं: 'टार्गेट प्रोफाइल'. उष्णता, आकार, रडारचे संकेत अशा ज्या खुणा यंत्राला आधी भरवून ठेवतात, त्या. 'लक्ष्यचित्र'?

संत्रानगरी : चित्र कशाला? पोलीस देतात तसं सरळ 'वर्णन' म्हणा. वर्णन जुळलं म्हणून भलताच माणूस उचलला जातो, हेही वाचणाऱ्याला न सांगता कळेल.