मापात पाप: प्रभुभोजनाआधीची कबुली वाचून झाली, पुढं काय?

कृष्णाकाठ (मिरज)
सर्वांना सलाम. चर्चच्या युवक संघात प्रभुभोजनाआधी (येशूच्या स्मरणार्थ भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी) 'पाप' या विषयावर चार बैठका घ्यायच्यात. अडचण अशी की तो शब्दच मुलांच्या तोंडी उरलेला नाही. 'चूक झाली', 'धंद्यात चालतं', एवढंच. रविवारी पापकबुली एका सुरात वाचतात आणि सोमवारी मार्केट यार्डात पुन्हा तेच. उदाहरण घ्या: हळदीची अडत आहे, रिकामं पोतं भरतं अर्धा किलो, शेतकऱ्याच्या पट्टीत (हिशोबाच्या पावतीत) बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, कापलं जातं एक किलो. अशा माणसानं पश्चात्ताप केला म्हणजे नेमकं काय करायचं? मला भीती घालायची नाही, गोड बोलून सोडायचंही नाही.

गोफण (सांगली)
'चूक' शब्दावर चिडू नका, तो बायबलच्या जुन्या कराराच्या जवळचाच आहे. शास्ते 20:16 मध्ये 700 डावखुरे गोफणवाले आहेत, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथं 'चुकणे' म्हणून आलेलं हिब्रू क्रियापदच इतरत्र 'पाप करणे' या अर्थानं येतं. पण नेम चुकला तरी दगड हवेत राहत नाही, कुणाला तरी लागतो. कुणाला लागला, एवढ्यावर पहिली बैठक घ्या. स्तोत्र 51 च्या सुरुवातीला आणखी दोन शब्द येतात, एकात बंड आहे, दुसऱ्यात वाकडेपणा. बारदानाची कपात या वाकडेपणात मोडते. तिला चूक म्हणणं ही सवलत झाली.

आता हिशोब. लेवीय 6 प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, ज्याचं त्याला, दोषार्पणाच्याच (दोषाबद्दल देवाला अर्पण करण्याच्या) दिवशी. पोत्यामागे अर्धा किलो जादा कापलं, समजा 400 पोती, म्हणजे दोन क्विंटल. भाव क्विंटलला 15,000 धरला तर 30,000, वर 6,000, एकूण 36,000 रुपये. भाव पट्टीवरचा की आजचा? शेतकऱ्याच्या फायद्याचा असेल तो.

याच्याशेजारी निर्गम 22 फळ्यावर लिहा. चोरीचं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. कापलं किंवा विकलं असेल तर मेंढरामागे चार, बैलामागे पाच. पकडला गेला तर असं, आपण होऊन आला तर फक्त पाचवा हिस्सा जादा. परत येणाऱ्याची वाट नियमशास्त्रानं मुद्दाम सोपी ठेवली असावी. जकातदार जक्कय (लूक 19) आपण होऊन बोलला, तरी त्यानं चौपटच लावली.

हे बिघडतं दोन ठिकाणी. 'कुणाचं नुकसान झालं असेल तर' अशी कबुली. 'असेल तर' आलं की ती संपली. दुसरं, 36,000 दानपेटीत टाकणं. शेतकरी कवठेमहांकाळचा आणि पैसा मिरजेच्या चर्चच्या रंगाला! येशूला धरून देण्याबद्दल यहूदाला मिळालेली 30 नाणी मुख्य याजकांनीसुद्धा भांडारात घेतली नाहीत (मत्तय 27:6). शेतकरी वारला असेल तर वारसाला द्या. घेणारं कुणीच नसेल, तेव्हाच गणना 5:8 लागू होतं, म्हणजे भरपाई देवाची म्हणून याजकाकडे.

आणि प्रत्येक बैठकीत सांगा, परतफेडीनं क्षमा विकत मिळत नाही. नाहीतर पाप-पुण्याची खतावणी उघडली जाते. क्षमा वधस्तंभावर झाली. पैसे शेतकऱ्याचे आहेत, म्हणून परत.

वाईकर
आमच्या कॅथलिक शिकवणीत गंभीर पापाला तीन अटी: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, मनापासून संमती. कन्फेशनमध्ये प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायची. 'मापात पाप केलं' पुरत नाही. 'दोन हंगाम, चारशेच्या आसपास पोती' असं. फादरांना त्यातलं अवाक्षरही बाहेर काढता येत नाही.

उलट्या टोकाचीही माणसं भेटतील, तेच जुनं पाप दर आठवड्याला पुन्हा सांगणारी. 2 करिंथ 7:10 मध्ये देवाकडे नेणारं दुःख आणि मरणाकडे नेणारं दुःख वेगळं केलंय. अशांना आणखी कठोर उपदेश नको. झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टरकडे पाठवा.

अजिंक्यतारा (सातारा)
मत्तय 18:15-17 चा क्रम पाळा: आधी एकट्यात, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आपल्याकडे तो उलटा चालतो, 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणत आधी अख्ख्या मंडळीला. बैठकीत उघड कबुली मागूच नका. कागदावर लिहू द्या, कागद ज्याचा त्यानं न्यावा.

एक गोष्ट या क्रमात बसवू नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं 'आधी एकट्यात भेटू' नाही, आणि त्या मुलाला 'क्षमा कर' म्हणणं तर नाहीच.

कृष्णाकाठ (मिरज)
आभार. मुलगा अडतीचा मालक नसून काट्यावरचा नोकर असेल तर?

गोफण (सांगली)
मग मूळ देणं मालकाचं. नोकराचं म्हणजे त्या कपातीतून हाती पडलेली बक्षिसी, अधिक पाचवा हिस्सा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं जकातदारांना नोकरी सोडा म्हटलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं (लूक 3:13). म्हणून त्यानं मालकाला एकट्यात सांगावं: उद्यापासून रिकामं पोतं शेतकऱ्यासमोर काट्यावर ठेवणार, भरेल तेवढंच कापणार. यात नोकरी जाऊ शकते. तेव्हा त्याला हे करायला सांगण्याआधी युवक संघानं त्याच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा आणि भाडं बाजूला काढून ठेवावं.