शब्दचर्चा: पोस्टसीझन आणि ऑफसीझनला मराठीत काय म्हणायचं?

सिअ‍ॅटलकर:

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉल बघणारे किती आहेत माहीत नाही, पण आमच्याकडे रेडमंड-बेलव्ह्यूच्या मराठी घरांमधे मरिनर्सचं, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचं, वेड बऱ्यापैकी आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून एक शब्द माझी पाठ सोडत नाहीये. पोस्टसीझनला मराठीत काय म्हणायचं? सांगलीला भावाला फोनवर सांगितलं की आमची टीम पोस्टसीझनमधे पोचली, तर तो म्हणतो सीझन संपला ना मग, आता कसलं खेळतायत. आता काय सांगणार त्याला, शब्दच तसा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक टीम सप्टेंबरच्या शेवटापर्यंत १६२ मॅचेस खेळते, हा रेग्युलर सीझन. मग ३० पैकी १२ टीम पुढे जातात आणि खरी मजा तिथून सुरू होते, आधी ३ मॅचची सिरीज, मग ५ ची, मग ७ ची आणि शेवटी वर्ल्ड सिरीज, तीही ७ ची. हे सगळं पोस्टसीझन. वर्ल्ड सिरीज संपली की पुढचे काही महिने मॅच नाहीत, नुसत्या बातम्या, कोण कुठे गेला, कोणाला किती मिळाले, ते ऑफसीझन.

आणि हिशोब खरंच वेगळा ठेवतात हं. आमच्या कॅल रॅलीने २०२५ मधे ६० होमरन (आपल्या सिक्सरसारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, कॅचरने, म्हणजे विकेटकीपरसारख्या खेळाडूने, एका सीझनमधे एवढे कधीच मारले नव्हते. पण हे ६० फक्त रेग्युलर सीझनचे. पोस्टसीझनमधे टोरंटोविरुद्धच्या सातव्या मॅचमधे त्याने जो होमरन मारला तो या ६० मधे धरत नाहीत. म्हणून नुसतं 'हंगाम' म्हटलं की गोंधळ होतो. मी हंगामोत्तर आणि हंगामबाह्य अशी जोडी करून बघितली, कशी वाटते?

---

कोपरगाववाला:

दादा, हंगामोत्तर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बंद पडलेला कारखाना येतो. मान्सूनोत्तर पाऊस म्हणजे मान्सून परत गेल्यावरचा, तसंच हंगामोत्तर म्हणजे सगळं आवरल्यावरचं. तुमच्या पोस्टसीझनमधे तर सगळ्यात मोठ्या मॅचेस आहेत, त्याला हा शब्द अजिबात नको. उलट हा शब्द ऑफसीझनलाच जास्त जवळचा आहे.

आमच्या साखर कारखान्याच्या भागात गळीत हंगाम म्हणतात ते पेपरात आणि मोळीपूजनाच्या पत्रिकेत, गेटवर उभा असलेला माणूस सीझन आणि ऑफसीझनच म्हणतो, आणि ऑफसीझन म्हणजे सुट्टी नव्हे. मिलचे रोलर काढायचे, त्यांचे घासलेले दात पुन्हा नीट करून घ्यायचे, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या, हंगामी कामगार घरी आणि कायमवाले कामावर. पुढचा सीझन कसा जाणार ते तिथेच ठरतं. तुम्ही ज्या बातम्या सांगताय त्याही याच जातीच्या दिसतात, तेव्हा ऑफसीझन आहे तसाच ठेवा, हा शब्द मराठीत मुरलेला आहे.

---

डोंबिवली लोकल:

पेपरात सरळ बाद फेरी लिहितात की. रणजीला, फुटबॉल वर्ल्ड कपला सगळीकडे तेच. साखळी सामने संपले, बाद फेरी सुरू.

पण सिअ‍ॅटलकरांचा आकड्यांचा मुद्दा मला जास्त इंटरेस्टिंग वाटला कारण आपल्याकडे उलटं आहे. कोहलीने २०१६ च्या आयपीएलमधे ९७३ धावा केल्या त्यात प्लेऑफ आणि फायनल दोन्ही धरलेल्या आहेत, फायनलच्याच ५४. आपण म्हणतो 'त्या हंगामात ९७३', कोणी विचारत नाही साखळीतल्या किती. म्हणजे क्रिकेटवाल्या मराठीत हंगाम शेवटच्या मॅचपर्यंत चालतो आणि बेसबॉलवाल्यांचा सीझन बाद फेरीच्या आधीच संपतो. तुमच्या भावाला शब्द कळला नाही असं नाहीये, त्याच्या डोक्यात हंगामाची हद्दच वेगळी आहे.

---

सिअ‍ॅटलकर:

हद्द वेगळी, हे एकदम पटलं. पण बाद फेरीवर एक शंका. बाद फेरी म्हटलं की एक मॅच हरलात की घरी, असं वाटतं. इथे ७ पैकी ४ जिंकायच्या असतात, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत आम्ही टोरंटोमधल्या पहिल्या दोन्ही मॅच जिंकलो होतो, मग पाचव्या मॅचला आठव्या इनिंगमधे (सहसा नऊ असतात) आमच्या सुआरेझने ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, मारला, मॅचेसमधे ३-२ ने पुढे होतो, आणि तरीही गेलो. २० ऑक्टोबरला सातवी मॅच, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ पुढे, त्यांचे दोन रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, त्यांच्या स्प्रिंगरने डाव्या बाजूला होमरन मारला, ४-३, संपलं. शेवटी आमचा ज्युलिओ रॉड्रिगेझ आउट झाला तेव्हा आमच्या हॉलमधे वीसेक माणसं होती, कोणी उठेचना. आजवर वर्ल्ड सिरीज न खेळलेली एकच टीम उरलीय ती आमची, १९७७ पासून. त्यामुळे हा शब्द नीट लागावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुढच्या वर्षी परत भावाला फोन करायचाच आहे.

---

मिसिसागाची वहिनी:

स्प्रिंगरचा होमरन आमच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तुमचं दुःख कळतं हो, कारण बारा दिवसांनी वर्ल्ड सिरीजमधे आमच्या टोरंटोवर तीच वेळ आली.

मला वॉक-ऑफ या शब्दाबद्दल लिहायचंय. मराठी मंडळी कुठल्याही निर्णायक फटक्याला वॉक-ऑफ म्हणायला लागलीयत, ते बरोबर नाही. वर्ल्ड सिरीजची १ नोव्हेंबरची सातवी मॅच घ्या, नवव्या इनिंगमधे एक आउट असताना लॉस एंजेलिस डॉजर्सच्या रोहासने होमरन मारून ४-४ केलं, अकराव्यात त्यांच्याच विल स्मिथने मारला आणि ५-४. वर्ल्ड सिरीज त्या फटक्याने गेली, तरी तो वॉक-ऑफ नाही, कारण डॉजर्स पाहुणे होते, आमची बॅटिंग अजून बाकी होती. आमच्या कर्कचा चेंडू त्यांच्या मुकी बेट्सकडे गेला, डबल प्ले झाला, म्हणजे एकाच चेंडूवर दोघं आउट, तेव्हा मॅच संपली. वॉक-ऑफ फक्त यजमान टीमच करू शकते, शेवटच्या बॅटिंगला जिंकायची रन आली की त्याच क्षणी खेळ थांबतो. तिसऱ्या मॅचला लॉस एंजेलिसमधे डॉजर्सच्या फ्रीमनने १८ व्या इनिंगमधे मारला तो वॉक-ऑफ. १९९३ ला आमच्या जो कार्टरने मारला तो वॉक-ऑफ, आणि अख्खी वर्ल्ड सिरीज अशा होमरनवर संपलेली फक्त दोनदा, त्याआधी १९६० ला पिट्सबर्गच्या मॅझरॉस्कीचा.

शब्दाचं श्रेय डेनिस एकर्स्ली या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, देतात. त्याच्या बोलण्यात मान खाली घालून चालू लागणारा असायचा तो मार खाल्लेला पिचर, आता मात्र शब्द मारणाऱ्याच्या नावावर गेलाय. मराठीत 'विजयी फटका' जवळचा आहे, क्रिकेटमधे विजयी धाव आपण तशीच वापरतो. फक्त वॉकआउटशी, म्हणजे सभात्यागाशी घोळ करू नका, आणि पिचरने चार बॉल चुकीच्या जागी टाकल्यावर मिळणारा वॉक हा आणखी तिसराच.

---

डोंबिवली लोकल:

वहिनी, मग वाइल्ड कार्डचं पण सांगा ना कोणीतरी. टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमुळे आपल्याकडे वाइल्ड कार्ड एन्ट्री म्हणजे मधूनच आत घुसलेला माणूस असा अर्थ झालाय.

---

सिअ‍ॅटलकर:

टेनिसमधे पण आयोजक आपल्या मर्जीने देतात. बेसबॉलमधे मर्जीचा संबंधच नाही, टीम दोन लीगमधे आणि लीग गटांमधे विभागलेल्या असतात, गटात पहिले न आलेल्यांमधे ज्यांचा रेकॉर्ड सगळ्यात चांगला त्या प्रत्येक लीगमधल्या तीन टीमना ती जागा मिळते. कमावलेली असते. नियम १९९४ साठी आणला होता पण त्या वर्षी खेळाडूंनी संप केला, वर्ल्ड सिरीजच झाली नाही, त्यामुळे खरा वापर १९९५ पासून. मराठीत 'उर्वरितांतले सर्वोत्तम' वगैरे कोणी म्हणणार नाही, वाइल्ड कार्डच म्हणा.

मला आता ऑफसीझनकडे वळायचंय. फ्री एजंटला करारमुक्त हा फुटबॉलच्या बातम्यांमधला शब्द मला आवडतो. आमचा जॉश नेलर करारमुक्त झाला आणि ५ वर्षांसाठी ९.२५ कोटी डॉलरला आमच्याकडेच राहिला, घरात पेढे वाटायचे बाकी होते. पोलांको मात्र न्यूयॉर्कच्या मेट्सकडे गेला, ज्याने डेट्रॉइटविरुद्ध १५ व्या इनिंगमधे आम्हाला जिंकून दिलं तो. त्याला कोणी पळवला नाही, विकला नाही, करार संपला आणि त्याने नवा केला, हे करारमुक्त शब्दात नीट येतं. 'मुक्त खेळाडू' म्हटलं तर त्यात कराराचा पत्ताच लागत नाही.

आणि ट्रेडला, म्हणजे टीमनी आपापसात खेळाडू देण्याघेण्याला, कृपया व्यापार म्हणू नका. अदलाबदल.

---

मिसिसागाची वहिनी:

अदलाबदल एकदम बरोबर, ट्रेडमधे बहुतेक वेळा माणसाच्या बदल्यात माणूस असतो. आमचा बिशेट करारमुक्त होऊन मेट्सकडे गेला, त्याने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला डॉजर्सच्या ओहतानीच्या बॉलवर तीन रनचा होमरन मारला होता तो अजून डोळ्यासमोर आहे. पिचर सीस आमच्याकडे आला ७ वर्षांसाठी, २१ कोटी डॉलर. बघू.

---

ठाण्याचा सीए:

एक तांत्रिक मुद्दा. ओहतानीच्या बातमीत मी एका ठिकाणी 'थकीत रक्कम' वाचलं आणि राहवलं नाही. थकीत म्हणजे द्यायची तारीख उलटून गेली तरी न दिलेली, जसं थकीत वीजबिल, थकबाकी. ओहतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा, पैकी ६८ कोटी त्यानेच ठरवून पुढे ढकललेत, आत्ता वर्षाला २० लाख डॉलर आणि २०३४ ते २०४३ दरवर्षी ६ कोटी ८० लाख. यात कोणी काही थकवलेलं नाही. 'लांबणीवर टाकलेलं मानधन' किंवा 'पुढे देय' म्हणा. एका शब्दाने डॉजर्स कर्जबुडवे ठरतात आणि वाचणाऱ्याला खरंच तसं वाटतं.

याच न्यायाने साइनिंग बोनसला, म्हणजे करार करताना मिळणाऱ्या पैशाला, उचल म्हणू नये, मोह होतो तरी. ऊसतोड टोळीची उचल अंगावर असते, काम करून फेडावी लागते. बोनस हा खेळाडूचाच.

---

कोपरगाववाला:

उचलीचं बरोबर सांगितलंत साहेब. त्या शब्दामागे फार भोगलेलं आहे आमच्याकडे, कोट्यधीश खेळाडूला तो लावलेला बघवणार नाही.

आर्बिट्रेशनला लवाद चालेल का?

---

ठाण्याचा सीए:

लवाद शंभर टक्के चालेल, फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा. कृष्णा पाणी तंटा लवाद घ्या, तिथे सगळ्या राज्यांचं ऐकून लवाद स्वतःचा आकडा ठरवतो. बेसबॉलमधे खेळून साधारण तीन वर्षं झालेल्या आणि सहा न झालेल्या खेळाडूचा पगार जमला नाही की तो एक आकडा देतो, क्लब एक आकडा देतो, आणि लवादाला दोनपैकी एकच निवडावा लागतो, मधला आकडा काढायची परवानगीच नाही. त्यामुळे दोघंही फार ताणत नाहीत आणि पुष्कळदा सुनावणीआधीच मिटवतात. आपल्याकडे लवाद म्हटलं की तडजोड आलीच असं धरतात, इथे लवादापुढे तडजोड नाही, जी काय ती दाराबाहेर.

---

गिरगावातला:

मी बेसबॉल बघत नाही, धागा शब्दांसाठी वाचतोय. सिअ‍ॅटलकरांनी १९९४ चा संप म्हटलं म्हणून विचारतो, डिसेंबर २०२६ मधे लॉकआउट होणार अशी चर्चा आहे ती काय? संपच ना?

---

सिअ‍ॅटलकर:

नाही, आणि ही चूक सगळीकडे होते. मालक आणि खेळाडू युनियनचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. नवा झाला नाही तर मालक कुलूप लावू शकतात, तो लॉकआउट. २०२१-२२ ला ९९ दिवस होता तो मालकांनी केलेला. १९९४ ला काम थांबवलं ते खेळाडूंनी. मराठीत काय म्हणावं मला सुचेना, लॉकआउटच लिहीत होतो.

---

गिरगावातला:

अहो, टाळेबंदी! वडील गिरणीत होते, आमच्या चाळीत हे दोन शब्द लहान पोराला पण वेगळे कळायचे. कामगारांनी थांबवलं तर संप, मालकाने गेटला टाळं लावलं तर टाळेबंदी. १९८२ चा होता तो संप. पेपरात एकाच्या जागी दुसरा शब्द आला की वडील चिडायचे, कारण काम कोणी बंद केलं हेच त्यात उलटं व्हायचं. २०२० पासून सरकारी कागदात लॉकडाउनला टाळेबंदी म्हणायला लागले आणि मूळ अर्थ मागे पडला. तुमच्या बेसबॉलच्या बातमीला हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने तंतोतंत बसतो, बिनधास्त वापरा.

---

सिअ‍ॅटलकर:

वापरणार, आजपासूनच. भावाला गिरणी संप पाठ आहे, त्याला एका शब्दात कळेल. तर माझ्यापुरतं असं ठरवलंय: रेग्युलर सीझनला 'साखळी', पोस्टसीझनला 'बाद फेरी', फक्त पहिल्यांदा लिहिताना 'बाद फेरीच्या मालिका' म्हणजे एका मॅचचा गैरसमज नको, आणि ऑफसीझनला ऑफसीझन. वहिनी, तुमच्याकडे टोरंटोत मराठी मंडळी काय म्हणतात?

---

मिसिसागाची वहिनी:

आमच्याकडे कोणी पोस्टसीझन पण म्हणत नाही आणि बाद फेरी पण नाही, सरळ 'ऑक्टोबर' म्हणतात. "यंदा ऑक्टोबर खेळणार का आपण?" असं. अमेरिकन फॅन पण तसंच बोलतात, रेजी जॅक्सनला मिस्टर ऑक्टोबर म्हणतात ते त्यातलंच, १९७७ ला वर्ल्ड सिरीजच्या एकाच मॅचमधे त्याने तीन होमरन मारले. लिहिताना बाद फेरी ठीक आहे, बोलताना मी ऑक्टोबरच म्हणणार. साखळीबद्दल मात्र माझी हरकत आहे, साखळी म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी सारखं खेळायचं, इथे आपल्या गटातल्या प्रत्येक टीमशी १३ मॅच आणि दुसऱ्या लीगमधल्या बहुतेकांशी फक्त ३. त्याला दुसरा शब्द शोधा.